शनिवारी बंद केलेलं बटण

तुमच्या आईनं परवा फोनवर तुम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. तिचा प्रयोग फसला. चूक तिची झाली. आणि म्हणून ती संक्रांतीला घरी येऊ शकत नाही, थोरलीच्या दहावीच्या परीक्षेलाही बहुधा नाही. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट खरी आहे. दुसरी खरी नाही. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते आणि फोन स्पीकरवर होता. थोरली, तू म्हणालीस, "तुझं नेहमी काहीतरी चुकतंच," आणि फोन ठेवलास. धाकटी मागे रडत होती. तेव्हाच मी बाहेर यायला हवं होतं. आले नाही. हातातली उशीची खोळ चार वेळा उलगडली आणि पुन्हा तिची घडी घातली.

म्हणून हे लिहिते आहे. लिहिलं की मधेच वाक्य फिरवता येत नाही. आणि तुम्हाला ते दोनदा वाचता येईल.

मी इथे आयर्लंडात, ओंगारला का आले ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. तुमच्या बाबांनी सांगितलं की आजी फिरायला चालली आहे. फिरायला नव्हते आले. तुमची आई जेवत नव्हती. व्हिडिओवर ती तुमच्याशी बोलायची तेव्हा कॅमेरा गळ्याच्या वर धरायची, ते मी ओळखलं होतं. सप्टेंबरात मी विमानतळावर उतरले तेव्हा तिच्या गालांची हाडं दिसत होती. ती एका मराठी जोडप्याच्या घरात माडीवरच्या छोट्या खोलीत राहते. ओट्याशी उभी राहून पाव खायची, तोही कोरडा. "अगं आई, बसून खायला वेळ नसतो," म्हणाली. थोरली सहावीत आणि धाकटी पहिलीत असताना ती पीएच.डी.साठी घरातून निघाली, आणि संशोधन संपत आलं तसं ते तिला आतून संपवत आणत होतं.

तिनं तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही की ती करते काय. धाकटी सगळ्यांना सांगते की आई फ्रीजवर काम करते. ते अगदीच चूक नाही. मी सांगून बघते. मी तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं, पण हे मलाही इथे येऊन तिच्याकडून शिकावं लागलं.

गरम चहात स्टीलचा चमचा ठेवला की त्याचं एक टोक गरम होतं, दुसरं गारच असतं. चमच्यातले विद्युतकण मग गरम टोकाकडून गार टोकाकडे थोडे सरकतात आणि दोन टोकांमध्ये अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं. एका व्होल्टचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले काही तुकडे, इतकं बारीक. तुमची आई ते मोजते. चमच्यात नाही, स्फटिकात. हे स्फटिक धातूचे नसतात. कार्बन, हायड्रोजन, गंधक असल्या अणूंच्या चपट्या रेणूंचे थर त्यात असतात. असल्या पदार्थातून वीज जाऊच नये असं मी शाळेत शिकवत आले. यांच्यातून जाते. आणि उणे दोनशे साठ अंशांच्या खाली नेलं तर कुठल्याही अडथळ्याशिवाय जाते. तिथे एक टोक गरम आणि दुसरं गार असलं तरी ते बारीक व्होल्टेज शून्य होतं. ती म्हणाली, "आकडा शून्यावर उतरतो ना आई, तेव्हा खोलीत कुणी दिवा लावल्यासारखं वाटतं."

या स्फटिकाची एक गंमत आहे. लांबीकडून मोजलं तर व्होल्टेज अधिक येतं आणि रुंदीकडून मोजलं तर वजा. एकाच खड्याला दोन स्वभाव. लांबीकडचं मोजमाप तिनं मागच्या वर्षी पूर्ण केलं. रुंदीकडचं राहिलं होतं, आणि त्यासाठी पुरेसा रुंद, निर्दोष असा एक नवा स्फटिक हवा होता. फक्त एक. तिचे गाइड स्वच्छ म्हणाले होते की दुसरी बाजू नसेल तर प्रबंधातलं ते प्रकरण अर्धं आहे आणि अर्ध्या प्रकरणावर ते सही करणार नाहीत. तो एक स्फटिक मिळाला असता तर नोव्हेंबरात मोजमाप, डिसेंबरात लिखाण आणि संक्रांतीला ती तुमच्याकडे. भिंतीवर तिनं कागद लावला होता. त्यावर एवढंच लिहिलं होतं: स्फटिक, मोजमाप, लिखाण, घर.

आता माझ्या सवयीबद्दल. ती तुम्हाला माहीत आहे, तुम्ही दोघींनी त्यावरून माझी नक्कल केलेली आहे. खोलीतून निघताना माझा हात भिंतीवरच्या सगळ्या बटणांवरून फिरतो. दिवा, पंखा, सॉकेट. आपल्याकडे लोडशेडिंगच्या वर्षांत वीज परत यायची ती उसळून यायची. शाळेतला एक फ्रीज आणि दोन पंखे तसे जळले होते. त्यानंतर मी नियमच केला. शेवटी निघणाऱ्यानं सगळी बटणं बंद करायची, आणि मुख्याध्यापिका असल्यामुळे शेवटी निघणारी मीच असायची. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी या घराचा वायफाय बंद केला. घरमालकीण सँडीफोर्डच्या एका ऑफिसात काम करते, त्या दिवशी घरूनच करत होती. जिन्यावरून ओरडत खाली आली.

"काकू! माझी मीटिंग चालू होती हो!"

"मला वाटलं कुणाचं तरी चुकून चालू राहिलंय."

"चुकून नाही, ते कायम चालूच असतं. आमच्याकडे काही लोडशेडिंग नाही काकू."

"आज होतं," तुमची आई म्हणाली. आणि दोघी इतक्या हसल्या की मालकिणीची मुलगी खेळ टाकून बघायला आली आणि तिच्या त्या आयरिश इंग्रजीत विचारायला लागली की आजीनं काय केलं. इथे आल्यापासून तुमच्या आईला मी पहिल्यांदा हसताना बघत होते. म्हणून मलाही आपली सवय मजेची वाटली.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ती मला तिच्या कॉलेजात घेऊन गेली. शेजारच्या इमारतीचं बांधकाम चालू होतं. ड्रिलनं भिंती थरथरायच्या आणि थरथर झाली की स्फटिक बिघडतात. म्हणून तिनं तळघरातली एक जुनी अडगळीची खोली मागून घेतली होती. खिडकी नाही. फळीवर थर्माकोलच्या जाड थरावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलेलं. तिनं ते अलगद उचललं. आत इंग्रजी H अक्षरासारखं काचेचं भांडं होतं, त्यात दोन प्लॅटिनमच्या तारा. एका तारेच्या टोकाला काळे चकचकीत कण चिकटलेले.

"यातून आम्ही वीज सोडतो," ती कुजबुजत म्हणाली. लहान बाळाच्या खोलीत बोलावं तसं. "मनगटी घड्याळाला लागते तेवढीच. महिनाभर, न थांबता. आज बारावा दिवस."

"हा मोठा दिसतो."

"तोच. तो काळ्या तिळाएवढा झाला की पुरे. आत्ता निम्मा आहे."

दाराजवळ दिव्याच्या बटणाखाली एक सॉकेट होतं, त्यात या यंत्राची वायर. त्यावर तिनं लाल कागद चिकटवला होता. बंद करू नका, असं इंग्रजीत मोठ्या अक्षरांत. आत शिरताना तो मी वाचला होता. वाचला एवढंच नव्हे, तिला म्हटलंही होतं, "अक्षर किती तिरकं काढलंयस. एवढी शिकलीस तरी रेघ सरळ येत नाही." माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि तो कागद मला समजला नाही असं मी म्हणू शकत नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तळघरात आवाज तुटत होता म्हणून ती जिन्याकडे गेली आणि जाताना म्हणाली, "आई, दिवा बंद करून दार ओढून घे."

मी दिवा बंद केला. दार ओढून घेतलं. या दोन्हींच्या मध्ये माझ्या हातानं आणखी काय केलं, ते अंधारात मला दिसलं नाही.

रविवारी दुपारी मी किटलीचं सॉकेट बंद केलं आणि बटणाचा तो टक् आवाज ऐकला. काल तळघरात हा आवाज दोनदा झाला होता. की एकदाच? मी बटण पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. तुमची आई सोफ्यावर झोपली होती. केसांना तेल लावून दिलं होतं मी, अंगावर माझी शाल. किती महिन्यांनी दुपारी झोपली होती. मी स्वतःला सांगितलं की हिला उठवून काय विचारणार, उगाच घाबरेल, कॉलेज बंद असेल. कॉलेज बंद नव्हतं. तिच्याकडे किल्ली होती आणि बस दर अर्ध्या तासाला होती. तेव्हा उठवलं असतं तर एकच दिवस गेला असता.

सोमवारी ती आली ती खुशीत. "सगळं ठीक आहे, प्रवाहाचा आकडा जसाच्या तसा." मला इतकं हायसं वाटलं की मी गोडाचा शिरा केला. मनात म्हटलं, म्हातारपणी असले भास होतात.

ऑक्टोबरच्या मध्यात तिनं भांडं उघडलं. संध्याकाळी आली आणि बूट न काढता खुर्चीत बसली. मोठा होत असलेला तो कण मोठा झालाच नव्हता. त्याच्यावर दुसरे बारीक कण उगवून सगळं एकमेकांत गुंतलं होतं. "फुलकोबीसारखं," ती म्हणाली. वाढ मधे थांबून पुन्हा सुरू झाली की असं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. पण वाढ थांबलीच नव्हती असं ती धरून चालली होती, कारण आकडा तर बरोबर होता. मग चूक कुठे? पावडरीत? द्रावणात पाणी शिरलं? तिनं कृतीवरच संशय घेतला.

दिवाळीत मी चकल्या केल्या. तळघराची आणि स्फटिक थंड करायला लागणाऱ्या हेलियमची देखभाल करणारे एक जुने तंत्रज्ञ आहेत, माझ्याच वयाचे. तुमच्या आईशी ते चांगले वागतात म्हणून एक डबा त्यांच्यासाठी घेऊन मी तिच्याबरोबर कॉलेजात गेले. ती वर गाइडकडे गेली होती. ते चकली हातात धरून उलटसुलट बघत होते.

"हे यंत्रावर काढता का?"

"साच्यातून. हातानं."

"सुरेख गोल आहे. आमच्या वर्कशॉपला जमणार नाही." एक तुकडा मोडून खाल्ला, डोळे मिटले, दुसरा घेतला. मग सहज म्हणाले, "तुमची मुलगी हल्ली फार ओढलेली दिसते. तिला सांगू नका, पण महिन्यापूर्वी एका सोमवारी सकाळी तिच्या त्या खोलीतलं बटण बंद होतं. सफाईवाल्यांनी केलं असणार. मी लगेच चालू केलं. ग्रँड झालं सगळं."

इथे सगळंच ग्रँड, म्हणजे छान, असतं. पाऊस असला तरी, पाय मुरगळला तरी. बिचाऱ्यांना त्या भांड्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचं काम हेलियमचं. एक बटण दिसलं, दाबलं, विसरून गेले.

मी म्हटलं, "हो, सफाईवाले असतील."

मुलींनो, बटण मी नकळत बंद केलं होतं. हे वाक्य मी जाणून बोलले.

त्यानंतरचे तीन आठवडे मला कसे लिहावे कळत नाही. तुमची आई रोज पहाटे जायची आणि दिवे लागल्यावर परत यायची. तिनं ती पावडर तीन वेळा शुद्ध केली. नवं द्रावण मागवलं, नवी भांडी लावली, प्रवाह बदलून पाहिला. नव्या भांड्यांत केसांसारखे काटे आले, कामाचं काही नाही. महिनाभर वाढण्याइतका वेळच त्यांना नव्हता. ती रात्री वही उघडून बसायची आणि मी समोर भाजी निवडत असायचे. एकदा वर बघून म्हणाली, "आई, तू शिक्षिका आहेस. तू सांग, कुठे चुकलं असेल?"

मी काय म्हटलं माहीत आहे? "नीट आठवून बघ. काहीतरी तुझंच राहिलं असेल. तुझं नेहमी काहीतरी राहतंच."

थोरली, परवा तू जे बोललीस ते तुझं नव्हतं. ते माझं आहे. तिच्या लहानपणापासून मी ते तिला म्हणत आले आहे, आणि तू ते माझ्याच तोंडून ऐकलं असणार.

का नाही सांगितलं? मला रोज वाटायचं, आज सांगते. मग ती इतकी खचून यायची की आज नको. जितके दिवस गेले तितकं आधी न सांगण्याचंही उत्तर द्यावं लागणार होतं, आणि ते उत्तर बटणापेक्षा जड झालं होतं. शिवाय मी मुख्याध्यापिका होते. चूक झाली तर उभं राहून सांगायचं, हे मी किती मुलींना वर्गात उभं करून शिकवलं. मला उभं राहता आलं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यात तिची हेलियमची पाळी होती. थंड करायचं ते यंत्र एकच आहे आणि सगळ्यांना ते वाटून घ्यावं लागतं. पाळी सोडली तर पुढची फेब्रुवारीच्या अखेरीला. म्हणून तिनं त्या फुलकोबीतूनच त्यातल्या त्यात बरा असा एक चपटा कण सुईनं सोडवून घेतला. त्याच्या रुंदीच्या दोन कडांना केसाहून बारीक सोन्याच्या तारा चिकटवल्या. एका कडेला इवलासा हीटर. मग तापमान हळूहळू उतरवत न्यायचं, फार हळू, नाहीतर स्फटिक तडकतो. दोन दिवस ती तिथेच होती. मी डबा पाठवला तो तसाच परत आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला ती घरी आली. मालकीण मुलीला शाळेत सोडायला गेली होती. तुमची आई ओल्या कोटानं जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. मी टॉवेल आणला, तो तिनं मांडीवर ठेवला.

"तडकला," म्हणाली.

"किती अंशांवर?"

"उणे एकशे ऐंशी. व्होल्टेज शून्य होतं तिथवर पोचलाच नाही." तिनं मांडीवरचा टॉवेल दुमडला. "आई, मी तुझ्याबरोबर परत येते. तुझ्याच विमानानं. मी हे सोडते."

"अगं, असं काय करतेस?"

"मला हे येत नाही. साडेचार वर्षं मला वाटत होतं की येतं. मागचा स्फटिक नशिबानं निघाला असणार. माझी कृतीच चुकीची आहे, आणि कुठे चुकीची तेही मला सापडत नाही. ज्याला ते सापडत नाही त्यानं हे करू नये." ती रडत नव्हती. हे सगळं ती भाजीचे भाव सांगावे तशा आवाजात बोलत होती आणि त्यानंच मी घाबरले. "मुलींना काय सांगू? आई चार वर्षं गेली होती आणि हात हलवत आली?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसायला गेले. जागा नव्हती. मग समोरच उभी राहिले, वर्गात मुली उभ्या राहायच्या तशी.

"कृती बरोबर आहे तुझी. बटण मी बंद केलं होतं."

तिला कळायला वेळ लागला. मग मी सगळं सांगितलं. दिवा, दार, किटली, चकली, तंत्रज्ञ. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ओरडेल. मला ते हवं होतं. ती उठली, वर गेली आणि तिची प्रयोगाची वही घेऊन खाली आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. सप्टेंबरचं पान काढलं.

"शनिवारी आपण किती वाजता निघालो?"

"पाच वाजायला वीस मिनिटं होती. बस पाचची होती."

"आणि सोमवारी त्यांनी किती वाजता चालू केलं?"

"ते आठला येतात म्हणाले होते."

तिनं लिहिलं. शनिवार चार चाळीस, प्रवाह बंद. सोमवार आठ, प्रवाह चालू. खंड एकोणचाळीस तास वीस मिनिटं. कारणाच्या रकान्यात पेन टेकवून ती थांबली. मग मीच पेन घेतलं आणि लिहिलं: आईनं बंद केलं. मी मुलींना नेहमी सांगायचे की वहीत जे दिसलं ते लिहा, जे दिसायला हवं होतं ते नको. माझं अक्षर सरळ आलं. त्याची मला लाज वाटली.

तिनं वही मिटली आणि पहिल्यांदा माझ्याकडे न बघता बोलली.

"बटणाचं मी समजू शकते. पण तीन आठवडे, आई. तीन आठवडे मी चांगली पावडर धूत बसले. दिवाळीला बोलली असतीस तर त्याच दिवशी मी जुन्याच कृतीनं नवं भांडं लावलं असतं आणि हेलियमची पाळी कुणाशी तरी बदलून चार आठवडे पुढे नेली असती. एक जण तयार होता तेव्हा. आता बदल्यात द्यायला माझ्याकडे पाळीच उरली नाही."

म्हणजे संक्रांत बटणानं गेली नाही. ती माझ्या तोंडानं गेली, न उघडलेल्या.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी जुन्या कृतीनं नवं भांडं लावून आली. त्या संध्याकाळी तिनं भिंतीवरचा तो कागद काढून दुसरा लावला. शब्द तेच चार, फक्त पहिल्यापुढे डिसेंबर आणि दुसऱ्यापुढे फेब्रुवारीची अखेर लिहिली होती. 'घर'पुढे तिनं काही लिहिलेलं नाही.

परवा तिनं तुम्हाला फोन केला आणि सगळं स्वतःवर घेतलं. तू फोन ठेवल्यावर मी बाहेर आले आणि विचारलं, "खोटं का सांगितलंस?"

ती फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत होती. "माझ्यावर त्या रागावून झाल्यात. त्यात आणखी थोडी भर. तुझ्यावर रागावल्या तर परीक्षेच्या वेळी त्यांच्याजवळ बसणार कोण? मी नाहीये. निदान तू तरी त्यांना हवीशी राहा."

मला रात्रभर झोप लागली नाही. तिचं गणित बरोबर होतं, तिची गणितं बहुधा बरोबरच असतात. तरी मी ते मोडते आहे. एकदा गप्प राहून काय झालं ते मी पाहिलं. आणि थोरली, तू परीक्षेला बसशील तेव्हा तुझ्या मनात असू नये की तुझी आई चुकत राहणारी बाई आहे. ती चुकली नाही. चार वर्षांत तिची एकच गोष्ट चुकली, तिनं दिवा बंद करायला मला सांगितलं.

आणखी एक खरं सांगते, कारण आता अर्धं ठेवायचं नाही. नवं भांडं यशस्वी होईल असं मी लिहून देऊ शकत नाही. आज दहावा दिवस आहे. शेजारचं ड्रिल अजून चालू आहे. स्फटिक चांगला आला तरी थंड होताना तो तडकू शकतो. तुमची आई आता जेवते, पण मी समोर बसले तरच. आणि बारा दिवसांनी मी समोर नसेन. रात्री ती उठून भिंतीवरच्या कागदासमोर उभी असते. मी झोपेचं सोंग घेते.

कॉलेजात मी पुन्हा गेले, एकदाच, त्या तंत्रज्ञांना सांगायला की सफाईवाल्यांचा दोष नव्हता. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाले की बंद बटण दिसलं तेव्हाच त्यांनी तिला सांगायला हवं होतं. त्या वेळी त्यांनी ग्रँड म्हटलं नाही. तळघराच्या जिन्यापाशी मी थांबले. खाली गेले नाही. दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे येते आहे. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तर मी समजेन. थोरली, पहाटे उठवायला, दूध गरम करायला, पेपराच्या दिवशी फाटकापर्यंत यायला मी असेन, तू बोललीस तरी आणि नाही बोललीस तरी. जो राग आहे तो माझ्यावर काढा. मी हाताशी असेन, ते सोपं पडेल.

पण रविवारी तुमच्या आईला फोन तुम्ही करा. तिनं केला तर तिला पुन्हा वाटेल की तिनंच काहीतरी समजावून सांगायचं आहे. इथले साडेदहा म्हणजे तुमचे चार. त्या वेळी ती टेबलाशी बसलेली असते, फोन समोर पालथा ठेवून. धाकटी, तू तिला विचार, आज कितवा दिवस. ती लगेच सांगेल.